सफरचंदाचा सॉस वर्षभर टिकवायचा तर बाटली भरल्यावर पुढे काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या मार्केट यार्डातून अर्धी पेटी, म्हणजे दहा किलो सफरचंदं आणली आहेत. घरात दीड वर्षाचा मुलगा आहे. त्याच्यासाठी आणि घरातल्या सगळ्यांसाठीच बिनसाखरेचा सॉस करून बाटल्यांत भरून ठेवायचा आहे. गेल्या वर्षी उकळता सॉस बाटल्यांत ओतला, झाकणं घट्ट लावली आणि कुणीतरी सांगितलं म्हणून बाटल्या रात्रभर उलट्या ठेवल्या. दिवाळीनंतर काही बाटल्यांची झाकणं फुगली आणि एक उघडताना फसकन सॉस अंगावर आला. प्रिझर्व्हेटिव्ह घालायला हवं होतं का? आणि या वेळी भरलेल्या बाटल्या कुकरमध्ये ठेवून शिट्ट्या काढल्या तर चालेल का?

ताई, आधी सरळ उत्तर देते. प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही आणि कुकर वापरायचा नाही. भरलेली, झाकण लावलेली बाटली उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवायची. कोल्हापुरात अर्ध्या लिटरच्या बाटलीला वीस मिनिटं आणि लिटरच्या बाटलीला पंचवीस मिनिटं. तुमच्या गेल्या वर्षीच्या कामात एवढंच राहून गेलं. बाकी जे पुढे लिहिते आहे ते या वीस मिनिटांचा उपयोग व्हावा म्हणून.

आपल्या घरांत टिकवायचे दोन रस्ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत. लोणचं मिठावर आणि तेलावर टिकतं. मोरंबा, साखरांबा साखरेवर टिकतो. जॅमचंही तेच, त्यात विरघळलेला घन भाग, मुख्यतः साखर, शंभरात पासष्टच्या वर असतो. एवढ्या साखरेत किंवा मिठात जंतूंना प्यायला पाणीच उरत नाही, म्हणून चिनीमातीची बरणी आणि वर दादरा बांधला तरी भागतं. सफरचंदाच्या सॉसमध्ये मीठ नाही, तेल नाही आणि साखर फळातली तेवढीच, साधारण शंभरात बारा-पंधरा. म्हणजे यीस्टला आणि बुरशीला मेजवानीच. असा पदार्थ तीनच गोष्टींवर टिकतो. फळाचा स्वतःचा आंबटपणा, बाटलीतला सगळा ऐवज आतपर्यंत तापणं आणि नंतर बाहेरची हवा आत न शिरणं. यातली एक जरी ढिली पडली तरी बाकीच्या दोघी तिची जागा भरून काढत नाहीत. मला हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण शिकायला येणाऱ्या बायका लोणच्याच्या सवयीने येतात आणि चमचाभर मीठ जास्त घातलं तर टिकेल का, असं विचारतात. नाही टिकत.

आंबटपणाचं आधी. आंबटपणा पीएच या आकड्यात मोजतात, आकडा जितका कमी तितकं फळ आंबट. ४.६ ही लक्ष्मणरेषा आहे. त्याच्या वर, हवाबंद बाटलीत, क्लोस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचा जंतू वाढू शकतो. तो मातीत सगळीकडे असतो, त्याचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत आणि त्याचं विष जीवघेणं असतं. वास, रंग, चव यातलं काहीही न बदलता ते विष तयार होऊ शकतं. ४.६ च्या खाली मात्र ते बीजाणू नुसतेच पडून राहतात, त्यांना उगवता येत नाही. सफरचंद साधारण ३.३ ते ४ च्या दरम्यान असतं, म्हणून ते उकळत्या पाण्याच्या पद्धतीत बसतं. गाजर, बीट, भोपळा, मटार बसत नाहीत, ते कितीही वेळ उकळले तरी नाहीत.

आता आपल्या बाजारात येणारं सफरचंद बहुतेक डिलिशस जातीचं. सिमल्याचं म्हणून येतं ते, काश्मीरचं म्हणून येतं त्यातलंही बरंचसं. याला इतिहास आहे. ब्रिटिशांनी हिमाचलात लावलेली सफरचंदं आंबट होती, आणि आपल्या लोकांना गोड फळ आवडतं हे कोटगडला स्थायिक झालेल्या सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन माणसाच्या लक्षात आलं. त्याने शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतून रेड डिलिशसची कलमं आणली आणि हिमाचलाचं अर्थकारणच बदललं. खायला ते फळ छान आहे. सॉसच्या दृष्टीने मात्र त्यात दोन उणिवा आहेत. एक, आंबटपणा बऱ्याच सफरचंदांपेक्षा कमी, पीएच ३.९ च्या आसपास, आणि फळ जास्त पिकलं की हा पीएच आणखी वर सरकतो. दोन, शिजल्यावर चव सपाट लागते. म्हणून तीन किलो डिलिशसला एक किलो तरी आंबट फळ मिसळा. ऑक्टोबरात काश्मीरची महाराजी येते ती यासाठी फार चांगली, कडक आणि चांगली आंबट. ती नाही मिळाली तर हिरवं ग्रॅनी स्मिथ घ्या, महाग असतं पण किलो-दोन किलोच लागतं. पिवळं गोल्डन डिलिशस आंबट नाही, पण शिजून मऊसूत होतं आणि वास सुरेख देतं, मिळालं तर तेही थोडं घ्या.

तुमची दहा किलो आधीच घरात आहेत आणि सगळी लाल डिलिशस असतील असं धरून चालते. मग लिंबाचा आधार घ्या. अर्ध्या लिटरच्या प्रत्येक बाटलीत एक मोठा चमचा, म्हणजे पंधरा मिली लिंबूरस, किंवा पाव छोटा चमचा सायट्रिक ॲसिड. हे टोमॅटोसाठीचं माप आहे. सफरचंदाला नियमाने ते बंधनकारक नाही, पण गोड, पिकलेल्या डिलिशसला मी घालतेच. बाटलीबंद लिंबूरस किंवा सायट्रिक ॲसिड ताज्या लिंबापेक्षा बरं, कारण ताज्या लिंबाचा आंबटपणा फळागणिक बदलतो. मुलाला आंबट लागेल असं वाटत असेल तर खायला देताना वाटीत चिमूटभर गूळ घाला.

खोका उघडला की फळं आधी निवडून घ्या. मार लागून तपकिरी झालेला भाग कापून टाकला तर राहिलेलं फळ वापरता येतं. बुरशी धरलेलं फळ मात्र कापून वाचवायचं नाही, अख्खं टाकायचं. सफरचंदावरची निळी-हिरवी बुरशी पॅट्युलिन नावाचं विष तयार करते. ते बुरशीच्या ठिपक्याच्या पुढे गरात झिरपलेलं असतं आणि उकळल्याने जात नाही. डागी माल स्वस्त मिळतो म्हणून सॉससाठी तो उचलायचा मोह होतो, तिथे हे लक्षात असू द्या. डिलिशसची आणखी एक खोड आहे. तिचा खालचा भाग, फुलाच्या जागेचा, कधीकधी पूर्ण मिटलेला नसतो आणि तिथून बुरशी थेट गाभ्यात जाते. बाहेरून फळ टवटवीत, लालबुंद, एक डाग नाही, आणि मधोमध कापलं की बियांच्या कप्प्यात करडा कापूस. म्हणून प्रत्येक फळ चिरून गाभा डोळ्यांनी बघायचा, अख्खी फळं पातेल्यात टाकायची नाहीत. दहा किलोंना हे कंटाळवाणं होतं, घरातल्या आणखी कुणाला तरी शेजारी बसवून घ्या.

फळं कोमट पाण्यात चोळून धुवा. परदेशी चकचकीत सफरचंदांवर मेणाचा थर असतो, ती सोलूनच घ्या. आपल्याकडच्या फळांची साल ठेवली तर फायदा आहे. सालीत आणि सालीलगत पेक्टिन जास्त असतं, त्याने सॉस नैसर्गिकपणे दाट होतो, आणि लाल सालीने त्याला फिकट गुलाबी रंग येतो. चार फोडी करा, गाभा आणि बिया काढा, फोडी लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकत जा म्हणजे काळ्या पडणार नाहीत. चाकू स्टीलचा घ्या. लोखंडी विळीवर चिरलेलं सफरचंद बघता बघता काळं होतं.

पातेलं जाड बुडाचं, स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियम, लोखंड आणि बिनकल्हईचं पितळ-तांबं आंबट फळाला चालत नाही. किलोभर फोडींना अर्धी वाटी पाणी पुरतं. झाकण ठेवून मध्यम आचेवर पंधरा-वीस मिनिटं शिजवा, मधूनमधून तळापासून हलवा. फोड चमच्याने दाबली की विनासायास पसरायला हवी. हे शिजवणंही कुकरमध्ये करू नका. सफरचंद शिजताना फेस धरतं, फेसाबरोबर साल वर येऊन शिट्टीच्या भोकात अडकू शकते, आणि मग कुकर धोकादायक होतो. कुकर बनवणारेही सफरचंदाच्या सॉससाठी तो वापरू नका असंच सांगतात.

शिजलं की पुरणयंत्र काढा. परदेशात सफरचंदाचा सॉस करायला जे यंत्र वापरतात ते आपल्या पुरणयंत्राचंच भावंड आहे, तसाच दांडा, तशाच बदलायच्या जाळ्या. मधल्या भोकांची जाळी लावा, गरम फोडी पळीने घाला आणि दांडा फिरवत राहा. साल वरच राहते, खाली गुळगुळीत, आमरसाइतका दाट गर पडतो. दर दोन-तीन पळ्यांनी दांडा एकदोनदा उलटा फिरवला की साल जाळीवरून सुटते आणि पुन्हा गर पडू लागतो. पिठाच्या चाळणीतून वाटीने घासूनही होतं, हात दुखतात इतकंच. मिक्सर मात्र मी टाळते. तो गरात हवा कोंडतो, ती हवा बाटलीत बुडबुडे होऊन बसते आणि वरचा थर तपकिरी पडतो. मिक्सरच वापरायचा असेल तर सोललेल्या फोडी थोडा वेळच फिरवा.

हा गर पुन्हा पातेल्यात घालून खळखळून उकळी येऊ द्या. जपून, कारण दाट गराचे शिंतोडे लांब उडतात आणि पिठल्यासारखे चिकटून भाजतात. लांब दांड्याचा डाव घ्या, मुलाला त्या वेळी स्वयंपाकघरात येऊ देऊ नका. दालचिनीचा एखादा तुकडा किंवा चार वेलदोडे कुटून घातले तर चालतात. साखर घातली नाही तरी टिकण्यात काही फरक पडत नाही, ती फक्त चवीसाठी आहे. गूळ बाटलीत घालू नका. कोल्हापूरचा गूळ आपल्या सगळ्यांचा जीव की प्राण, पण आपल्याला इथे लागतो आहे आंबटपणा आणि गूळ तो देत नाही, शिवाय सॉसचा रंग मातकट होतो. बाटली उघडल्यावर हवा तेवढा घाला.

बाटलीत काय घालायचं नाही, हे जास्त महत्त्वाचं आहे. लहान मुलासाठी म्हणून गाजर, केळं, पपई, खीर करायची म्हणून दूध, शिऱ्यासारखं करायचं म्हणून तूप, दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर किंवा साबुदाण्याचं पीठ, यातलं काहीही नाही. गाजर, केळं, पपईने आंबटपणा खाली येतो. दूध-तुपाने आंबटपणाही बिघडतो आणि उष्णता पोहोचायलाही अडथळा होतो. पिठाने सॉस इतका दाट होतो की वीस मिनिटांत बाटलीच्या मध्यापर्यंत उष्णता पोहोचतच नाही. त्याच कारणाने सॉस आटवून हलव्यासारखा करू नका. पळीतून सहज ओतला जाईल इतकाच दाट ठेवा. पोराला गाजर-सफरचंद द्यायचं असेल तर गाजर ताजं उकडून वाटीत कालवा.

आता बाटल्या. जाड काचेच्या, रुंद तोंडाच्या, अर्ध्या लिटरच्या घ्या. दहा किलो सफरचंदांचा साधारण पावणेसात लिटर सॉस होतो, म्हणजे चौदा बाटल्या लागतील. प्रत्येक बाटलीच्या काठावरून बोट फिरवा. टवका गेलेला असेल तर ती बाटली डाळ-साखरेला ठेवा. झाकणाचं नीट ऐका, कारण तुमच्या फुगलेल्या बाटल्यांत याचाही वाटा असू शकतो. सगळ्यात चांगलं दोन भागांचं झाकण, एक चपटी चकती जिच्या कडेला रबरासारखा मऊ थर असतो, आणि वेगळं आट्यांचं कडं. कडं पुन्हा पुन्हा वापरता येतं, चकती एकदाच. दुसऱ्यांदा तो मऊ थर दबलेला असतो, धरत नाही. जॅमच्या बाटल्यांना असतात तशी एकसंध ट्विस्ट झाकणं वापरणार असाल तर ती कोरी हवीत आणि गरम भरण्यासाठीची म्हणून विकलेली हवीत. विकत आणलेल्या जॅमची जुनी झाकणं धुऊन पुन्हा वापरणं बंद करा. प्लास्टिकची बरणी आणि चिनीमातीची बरणी या कामाला नाहीच.

बाटल्या साबणाने धुऊन गरम पाण्यात बुडवून ठेवा, भरायच्या वेळी एकेक काढा. पुढे दहा मिनिटांहून जास्त उकळायच्या असल्याने आधी वेगळं निर्जंतुक करायची गरज नाही. गरम फक्त यासाठी की उकळता सॉस गार काचेत पडला तर बाटली तडकते. लिंबूरस आधी बाटलीत घाला, मग सॉस भरा. वर सव्वा सेंटिमीटर जागा मोकळी सोडा, बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा थोडी जास्त. कमी सोडली तर उकळताना सॉस फुगून काठावर येतो आणि झाकण धरत नाही. जास्त सोडली तर हवा पुरती बाहेर जात नाही. दाट सॉसमध्ये हवेचे कप्पे हमखास अडकतात. बांबूची काडी किंवा पातळ लाकडी पट्टी काचेच्या आतून फिरवा, बुडबुडे वर येतील, मग पातळी पुन्हा बघा. काठ स्वच्छ ओल्या फडक्याने पुसा. सॉसचा एक पुसटसा ठिपकासुद्धा काठावर राहिला तर तिथून हवा आत जाते. झाकण बोटांच्या जोराने बसेल तेवढंच लावा. पंजाचा जोर लावायचा नाही, कारण उकळताना आतली हवा झाकणाखालून बाहेर पडायला हवी, आणि तिने सोडलेली जागाच गार होताना झाकण आत ओढून घेते.

बाटल्या उलट्या ठेवून जे होत नाही ते इथे होतं. उलटी ठेवलेली बाटली क्षणाक्षणाला गार होत जाते. झाकणाखालच्या हवेतले आणि भरताना पडलेले यीस्ट, बुरशीचे कण अर्धवट तापतात, काही जगतात, आणि आत कोंडलेली हवा तशीच राहते. महिन्याभरात यीस्ट वाढतं, गॅस होतो, झाकण फुगतं. तुमच्या बाटल्यांचं हेच झालं. झाकण आत ओढलेलं दिसत होतं म्हणून ती बंद झाली असं वाटलं असेल. सॉस गार झाला की झाकण थोडं आत जातंच, ते टिकेल याची ती खूण नव्हे.

उकळण्यासाठी खोल पातेलं लागतं. खाली जाळी, बाटलीची उंची, तिच्या झाकणावर अडीच सेंटिमीटर पाणी आणि वर उकळीला जागा, असं सगळं धरून पातेलं वीस-बावीस सेंटिमीटर तरी खोल हवं. कार्याला काढतात तसलं मोठं पातेलं चालतं. जाळी नसेल तर तळाला जाड पंचा घडी करून घाला, बाटली थेट तळाला टेकली तर फुटते. पाणी आधीच चांगलं गरम असू द्या, बाटल्या उभ्या, एकमेकींना न चिकटता ठेवा, पाणी कमी पडलं तर वरून गरम पाणीच ओता. पातेल्यावर झाकण ठेवा. पाणी खळखळून उकळायला लागलं की तिथून घड्याळ लावा, बाटल्या ठेवल्यापासून नाही. मधेच उकळी मोडली, सिलिंडर संपला, तर पुन्हा उकळी आल्यावर पहिल्यापासून वीस मिनिटं मोजायची. चौदा बाटल्या एका वेळी मावणार नाहीत, दोन-तीन फेऱ्या होतील. उरलेला सॉस मंद आचेवर गरमच ठेवा, गार सॉस भरून चालत नाही.

वीस मिनिटं का, याचं उत्तर कोल्हापूरच्या उंचीत आहे. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहोत, इथे पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात हजार फुटांपर्यंत अर्ध्या लिटरच्या बाटलीला पंधरा मिनिटं आणि त्याच्या वर वीस मिनिटं दिली आहेत. रत्नागिरीला तुमची बहीण हाच सॉस करत असेल तर तिला पंधरा पुरतील. परदेशी व्हिडिओंत पंधरा किंवा दहा मिनिटं सांगतात ती आपल्याला धरायची नाहीत. लिटरच्या बाटलीत मध्य दूर असतो, म्हणून तिला इथे पंचवीस.

भरलेल्या बाटल्या कुकरमध्ये ठेवायचा विचार सोडाच. आपल्या कुकरचा दाब झपाट्याने चढतो आणि उतरतो, त्या झटक्याने बाटल्यांतून सॉस बाहेर ओढला जातो किंवा काच तडकते. परदेशात डाळी, भाज्या, मांस भरायला दाबाचा वेगळा मोठा डबा वापरतात, त्याला काटा असतो आणि त्याच्या वेळा त्याच्यावर तपासलेल्या असतात. आपल्या शिट्ट्यांचा त्याच्याशी हिशेब जुळवता येत नाही. सफरचंदाला तर त्याची गरजच नाही.

प्रिझर्व्हेटिव्हबद्दल. सोडियम बेंझोएट आंबट पदार्थांत बुरशी-यीस्ट रोखतं आणि कायद्याने ठरावीक प्रमाणात ते चालतं. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट सरबतांत वापरतात, पण त्याने सालीचा गुलाबी रंग उडतो आणि दम्याच्या माणसांना त्रास होऊ शकतो. रोज उघडून थोडं थोडं ओतायच्या सरबताला त्यांचा उपयोग आहे. आपण बाटली बंद करून उकळतो आणि उघडल्यावर आठवडाभरात संपवतो, मग दीड वर्षाच्या पोराच्या खाण्यात ते कशाला? निकोला आपेर या फ्रेंच हलवायाने १८१० साली ही काचेच्या बाटल्या बंद करून उकळायची पद्धत पुस्तक काढून जाहीर केली, तेव्हा अन्न जंतूंमुळे नासतं हेही कुणाला ठाऊक नव्हतं. पाश्चरने त्याचं कारण सांगितलं ते पन्नासेक वर्षांनी. रसायनांशिवायच ती तेव्हापासून चालत आली आहे.

गॅस बंद केल्यावर पाच मिनिटं बाटल्या पाण्यातच राहू द्या, नाहीतर झटक्याने सॉस झाकणाखालून बाहेर येतो. मग चिमट्याने सरळ उचलून जाड टॉवेलवर ठेवा. ओट्याच्या गार कडप्प्यावर थेट ठेवू नका, पंख्याखाली नको, एकमेकींना चिकटून नको. थोड्या वेळाने चकत्या एकेक करून टक् करून आत बसतात. आवाज आला नाही म्हणून घाबरायचं कारण नाही, काही गुपचूप बसतात. बारा ते चोवीस तास हात लावायचा नाही, झाकण पुन्हा आवळायचं तर मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येक चकतीच्या मध्यावर बोट दाबून बघा. खाली गेलेली आणि न हलणारी म्हणजे बंद. टिकटिक करत खाली-वर होते ती बसलेली नाही. ती बाटली फ्रीजमध्ये ठेवून त्या आठवड्यात संपवा, किंवा चोवीस तासांच्या आत सॉस पुन्हा उकळून, नवी चकती लावून पुन्हा वीस मिनिटं करा. फ्रीझरमध्ये डब्यात घालूनही ठेवता येतो.

बसलेल्या बाटल्यांची कडी काढून टाका, बाटल्या पुसून तारीख लिहा आणि अंधाऱ्या कपाटात ठेवा. कडी तशीच ठेवली तर आपल्या पावसाळ्यात त्यांच्याखाली ओल धरते, गंज चढतो आणि झाकण सुटलं तरी कडं त्याला दाबून धरतं, म्हणजे बिघाड दिसतच नाही. वर्षभरात संपवा. त्यानंतर लगेच खराब होतो असं नाही, पण रंग आणि चव उतरते. वरचा बोटभर थर थोडा तपकिरी झाला असेल, झाकण मात्र घट्ट असेल आणि वास नेहमीचा असेल, तर तो हवेचा परिणाम आहे, खायला हरकत नाही. उघडलेली बाटली फ्रीजमध्ये, कोरड्या चमच्याने, आठवडाभरात संपवायची. पोराचा उष्टा चमचा बाटलीत जाऊ देऊ नका, त्याच्यापुरता वाटीत काढून घ्या.

झाकण फुगलेलं, उघडताना गॅस येणारा, फसफसणारा, बुरशी आलेला सॉस चाखूनसुद्धा बघायचा नाही. बुरशी वरून काढून खाली खाऊ, असंही नको. बुरशी आंबटपणा खाते आणि मग जो जंतू आंबटपणामुळे दबलेला होता त्याला वाट मोकळी होते. गेल्या वर्षीच्या बाटल्यांपैकी अजून काही कपाटात असतील तर त्या फुगलेल्या नसल्या तरी टाकून द्या, कारण त्या उकळलेल्याच नव्हत्या. न उघडता पिशवीत बांधून, जनावरांच्या तोंडी लागणार नाहीत अशा कचऱ्यात टाका. गोठ्यात नको, परसातही नको.

सगळं एका दिवसात उरकायचा अट्टहास धरू नका. पाच किलो आज, पाच किलो चार दिवसांनी केली तरी चालेल. फळं तेवढी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, पालेभाज्यांपासून वेगळी, कारण सफरचंदातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पालेभाजी पिवळी पडते. बाहेर ठेवलेलं डिलिशस आठवड्यात पिठूळ होतं आणि त्याचा आंबटपणाही घटतो, तेव्हा दुसऱ्या फेरीला लिंबूरस विसरू नका. पुरणयंत्रात उरलेली साल दालचिनीसोबत पाण्यात उकळून गाळली की गुलाबी काढा होतो, तो त्याच दिवशी प्या.

पहिल्या फेरीत झाकणं बसली नाहीत तर काय दिसलं ते नेमकं लिहा. सॉस बाहेर आला का, पाणी झाकणावर होतं का, चकती कोरी होती का, एवढं कळलं तरी दोष कुठे आहे ते सांगता येईल.